दिव्याला खळं नसतं

बर्फ पांढरा असतो ही अफवा आहे. जर्मनीत, झिंडेलफिंगेनमध्ये, चौदा हिवाळे काढल्यावर हे मी कुणाहीसमोर सांगायला तयार आहे. तो पांढरा असतो दुपारी बारा ते दोन, तेही ऊन पडलं तर, आणि डिसेंबरात इथे ऊन म्हणजे उंबराचं फूल. सकाळी पावणेआठला मी बसस्टॉपवर उभा असतो तेव्हा तो राखाडी असतो. सव्वाआठला उजाडायला लागलं की थोडा वेळ निळा होतो, मग दिवसभर कसलाच नाही, नुसता मळकट. दुपारी चारनंतर पुन्हा निळा, या वेळी शाई सांडल्यासारखा. मग दिवे लागतात आणि ज्याचा दिवा त्याचा बर्फ असा कारभार सुरू होतो. आमच्या जुन्या गल्लीत खांबांवर अजून पिवळे दिवे आहेत, तिथल्या बर्फाला हळद लागते. पलीकडच्या नव्या वसाहतीत एलईडी आहेत, तिथला बर्फ फ्रीजचं दार उघडल्यावर दिसतो तसा दिसतो. सिग्नलखाली तो आळीपाळीने लाल आणि हिरवा होतो, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी. आणि ढग खाली आले की मोटारींच्या कारखान्याचा उजेड ढगांना लागून परत बर्फावर पडतो. त्या नारिंगी उजेडात कशाचीच सावली पडत नाही.

एवढं बारीक पाहायला मी काही कवी नाही. मला बर्फ आवडतही नाही. ब्योब्लिंगेनच्या एका कंपनीत मी गाड्यांचे हेडलॅम्प तपासतो आणि संध्याकाळी घरी येतो तेव्हा मला कुठलाही उजेड पाहायची इच्छा उरलेली नसते. तरी पाहायचो, कारण रोज कुणीतरी विचारायचं.

विचारायचे माझे बाबा. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात ते नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात लाइनमन होते. संध्याकाळी सायकलवर शिडी बांधून निघायचे, कुठल्या खांबावरचा दिवा गेलाय ते बघायचे, चढायचे, बदलायचे. सातवी शिकलेला माणूस. त्यांचे वडील अंगठेबहाद्दर, मी इंजिनिअर. मधली पायरी म्हणजे बाबा, आणि त्या पायरीचा त्यांना फार अभिमान होता. दिवाबत्ती हा आमच्याकडे पिढीजात धंदा आहे असं मी इथल्या लोकांना गमतीनं सांगतो. त्यांचे दिवे खांबावर, माझे गाडीच्या नाकावर. मग ते विचारतात, वडिलांमुळेच या क्षेत्रात आलास का? तसलं काही नाही. मिळाली ती नोकरी घेतली.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना बाबांना काचबिंदू असल्याचं निघालं. तोवर फार उशीर झाला होता. एक डोळा जवळजवळ गेलेला, दुसरा अर्धा. शिडी सुटली, त्यांना टेबलावर बसवलं, आणि मी जर्मनीला आलो त्या सुमाराला टेबलही दिसेनासं झालं. पण दिव्यांची ओढ गेली नाही. हिवाळ्यात इथे साडेचार वाजतात तेव्हा तिकडे नऊ झालेले असतात. जेवण झालेलं, आईची वंदना झालेली, अंथरूण टाकलेलं. मी फायराबेंड करून, म्हणजे कामाचा दिवस संपवून, बसस्टॉपकडे चालत असायचो, तेव्हा फोन करायचो. तेच तीन प्रश्न. बर्फ पडला का. कोणत्या रंगाचा दिसतो. आणि तिसरा, दर हिवाळ्यात, न चुकता: दिव्यांना खळं पडतं का रे तिकडे?

खळं म्हणजे चंद्राभोवती कधीकधी दिसतं ते गोल कडं. ते दिसलं की पाऊस येणार असं आमच्याकडची माणसं म्हणतात. दिव्यांच्या बाबतीत तो शब्द फक्त बाबाच वापरायचे. मी म्हणायचो, नाही बाबा, इथली हवा साफ आहे, खळं-बिळं काही नाही. ते "बरं" म्हणायचे, मग एकदा अजून "बरं," आणि फोन आईकडे द्यायचे.

मला वाटायचं, आंधळ्या माणसाची हौस आहे, पुरवावी. म्हणून मी रस्त्याने येताना बघत यायचो. आज काय सांगू? गॅरेजच्या छपरावरचा बर्फ खालून उजळलाय, आत कुणीतरी दिवा विसरलंय, हे सांगायचो. बर्फ काढणाऱ्या गाडीच्या टपावरचा फिरता नारिंगी दिवा भिंतीवरून जातो तेव्हा भिंतीवरचा एकेक दगड मोजता येतो, हे सांगायचो. एकदा सांगितलं की, बाबा, हेडलॅम्पचा मोठा झोत पडत्या बर्फात लावला तर पुढे काहीच दिसत नाही, नुसता पांढरा पडदा. दिसायचं असेल तर उजेड कमी करावा लागतो. हे त्यांना इतकं आवडलं की ते महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, असं आई म्हणाली. माझं पोरगं म्हणतं, जास्त उजेडानं आंधळं व्हायला होतं.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. फोन आता आईला असतो. आई दिव्यांचं विचारत नाही. जेवलास का, पोरीला सर्दी आहे का, सून कशी आहे. सवय मात्र गेली नाही. बघणं होतंच, सांगणं तेवढं थांबलं, आणि न सांगता बघत राहणं हे फार दमवणारं काम आहे हे मला तेव्हा कळलं.

गेल्या हिवाळ्याबद्दल सांगतो. थकवा हा इथल्या हवामानाचाच भाग आहे. नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चपर्यंत पुरतो. ऑफिसात कुणालाही दमल्याचं सांगितलं की तो "गेनाऊ" म्हणतो, अगदी बरोबर, ऋतूच तसा आहे, आणि व्हिटॅमिन डी घेतोस का विचारतो. मी घेत होतो. तरी दुपारी तीन वाजले की भुवईच्या वर दुखायला लागायचं. माझं काम लिष्टकनालमध्ये, म्हणजे उजेडाच्या बोगद्यात. लांबलचक हॉल, भिंती, छत, जमीन सगळं काळं रंगवलेलं. एका टोकाला हेडलॅम्प, दुसऱ्या टोकाला पांढरा पडदा. झोताची कड कुठे पडते, कुठे पसरते, ते अंधारात बसून बघायचं आणि लिहायचं. दिवसाचे पाच-सहा तास. सकाळी अंधारात आत जायचं आणि अंधार पडल्यावर बाहेर यायचं. डोकं दुखणार नाही तर काय होणार? रात्री झोपलं की सकाळी साफ बरं वाटायचं, म्हणजे थकवाच, असं मी ठरवून टाकलं होतं. बायको दोनदा म्हणाली की डोळे तपासून घे. मी म्हटलं, दिवसभर डोळेच तर तपासून होतात माझे, प्रत्येक हेडलॅम्पच तपासतो. ती पुण्याची आहे, असल्या विनोदांना हसत नाही.

डिसेंबरात एका संध्याकाळी बोगद्यातून बाहेर आलो आणि थांबलोच. दिवसभर बर्फ पडून नुकता थांबला होता. पार्किंगमधल्या प्रत्येक दिव्याभोवती एक गोल कडं होतं. आत निळसर, बाहेर लाल, मधे पिवळं-हिरवं, इतकं स्वच्छ की जणू कंपासनं काढलंय. खाली बर्फ, वर ही कडी, ओळीने दहा-बारा. लांबच्या बसच्या दिव्यांनाही होती, लहान लहान, जोडीजोडीने. मी चौदा वर्षं इथला बर्फ बघत होतो, एवढं सुंदर काही पाहिलं नव्हतं. सांगायला कुणी नव्हतं. बस आली तरी मी चढलो नाही, पुढच्या बसनं गेलो.

मग ती कडी वरचेवर दिसायला लागली. रोज नाही, ज्या दिवशी डोकं जास्त दुखायचं त्या दिवशी. मी त्याचाही हिशोब लावून टाकला होता, की हवेत बारीक हिमकण असले की दिसतात आणि तसल्या हवेत डोकंही दुखतं. शिकलेल्या माणसाला कारणांची कधी वाण पडत नाही.

एकदा मुलीला घेऊन दुकानातून येत होतो. ती बारा वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिवळा दिवा आहे, त्याला त्या दिवशी केवढं कडं पडलं होतं. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, बघ, आजोबा याला खळं म्हणायचे. तिने वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "वेल्शर रिंग, बाबा?" म्हणाली. कुठलं कडं? मी बोट दाखवलं. तिने परत पाहिलं आणि दिवा आहे, बर्फ आहे, कडं नाही असं सांगितलं. माझं डोकं ठणकत होतं. मी चिडलो. फोनमध्ये डोकं घालून बसल्यावर काय दिसणार, असं काहीतरी बोललो. फोन तिच्या हातात नव्हता, दुधाची पिशवी होती. ती पुढे चालायला लागली.

जानेवारीत आमची केअरवोखे आली. आमच्या श्वाबेन भागातली ही पद्धत आहे: इमारतीतल्या एकेका घराकडे आठवडाभर झाडलोट, आणि हिवाळ्यात दारापुढचा बर्फ सारणं. आपली पाळी आली की दारावर पाटी लटकते. पाटी लटकली की नेमका बर्फ पडतो, हा माझा चौदा वर्षांचा अनुभव आहे. कामावरून आलो, कपडेही न बदलता खोरं घेतलं आणि खाली उतरलो. दुखऱ्या डोक्यानं बर्फ लोटता लोटता, कानात फोन लावून आईशी बोलत होतो. बोलायला विषय नव्हता. जेवण झालं होतं, सर्दी नव्हती. समोर खांबावरच्या दिव्याला खळं होतं, म्हणून म्हणालो की आज बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं. इतकी वर्षं विचारायचे, आता इथेही दिव्यांना खळं पडायला लागलंय. फार सुरेख दिसतं.

आईने मला तिथेच थांबवलं.

मग तिने विचारलं की कधीपासून. मी म्हटलं, महिना-दीड महिना. तिने विचारलं, डोकं दुखतं का. मी म्हटलं, दुखतं, पण ते कामामुळे. "दिव्याले खळं नसते, बाबू," आई म्हणाली. "चंद्राले असते. दिव्याले नसते."

मला राग आला. दमलेल्या माणसाला येतो तसा, कारण नसताना. मी तिला समजावून सांगायला लागलो. हवेत पाण्याचे, बर्फाचे बारीक कण असतात, प्रकाश त्यांच्या कडेवरून वळतो, प्रत्येक रंग वेगळा वळतो, म्हणून रंगांची कडी दिसतात. याला विवर्तन म्हणतात, हे विज्ञान आहे, यात काळजीचं काही नाही.

"असंच सांगतलं होतं तू," ती म्हणाली. "याच शब्दाईत."

खोरं माझ्या हातातच राहिलं. आठवलं नव्हतं असं नाही. ते कधी त्या बाजूने आठवलं नव्हतं. मी तिसऱ्या वर्षाला होतो, दिवाळीच्या सुट्टीत घरी. बाबा फेरी मारून आले, शिडी भिंतीला टेकवली आणि मला म्हणाले की आठ-पंधरा दिवस झाले, संध्याकाळी सगळ्या दिव्यांना रंगीत खळं पडतंय, डोकंही जड होतं. डॉक्टरला दाखवावं का? मला आदल्याच सत्रात प्रकाशशास्त्राचा पेपर होता. मी पाटी घेतली, आकृती काढली. धुक्याचे थेंब, वळणारे किरण, विवर्तन. बाबा पाटीकडे बघत राहिले होते. त्यांना एक अक्षर कळलं नसणार, पण तोंडावरचा आनंद मला आजही दिसतो. दुसऱ्या दिवशी चौकात सांगत होते की पोरानं कारण काढलं, हवेतल्या पाण्यानं होतं, घाबरायचं काम नाही. डॉक्टरकडे गेले नाहीत. पुढे दीड वर्षानं गेले, शिडीवरून पाय चुकला तेव्हा.

काचबिंदूची बातमी मला होस्टेलवर कळली. खळं आणि काचबिंदू यांचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, एवढंच आईने सांगितलं होतं. उशीर कुणामुळे झाला हे मी विचारलं नाही.

"तवा त्यायनं तुह्यावर भरोसा ठेवला," आई फोनवर म्हणाली. "आता तू माह्यावर ठेव. उद्या सकाळी जाय."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि खांबाखाली उभा राहिलो. खरं-खोटं करायला डॉक्टर लागत नाही हे मला माहीत होतं. आमच्या खात्यात नवीन मुलं येतात त्यांना पहिल्या आठवड्यात मी एक युक्ती शिकवतो. दिव्याभोवती धूसर उजेड दिसला तर तो हवेत आहे की तुझ्या डोळ्यात, हे बघायचं असेल तर हात लांब कर आणि अंगठ्यानं फक्त दिवा झाक. उजेड हवेत असेल तर अंगठ्याभोवती तो तसाच दिसत राहील. डोळ्यात असेल तर दिव्याबरोबर नाहीसा होईल. शेकडो वेळा सांगितलं असेल हे. दीड महिना ती कडी बघत होतो आणि एकदाही अंगठा वर केला नव्हता. दमलो होतो म्हणून नाही. भीती वाटत होती, आणि कशाची ते मी स्वतःला विचारत नव्हतो.

मी हातमोजा काढला. हात लांब केला. अंगठा दिव्यावर आणला. खळं गेलं. अंगठा काढला, खळं आलं. परत झाकला, परत गेलं. अंगठ्याच्या चारही बाजूंना हवा स्वच्छ होती, अगदी मी बाबांना सांगायचो तशी. माझ्या आजोबांना सहीच्या जागी उठवायला जेवढा अंगठा लागायचा तेवढाच पुरला. बाबांच्या वेळी मी पाटी घेतली, तेव्हाही हाताला अंगठा होता की. मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि बर्फ नीट काढतोय ना तेवढं बघून पडदा ओढला.

इथे डोळ्यांच्या डॉक्टरचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मागितला तर आंबे येईपर्यंत थांबावं लागतं. बायको म्हणाली की टेर्मिन मागूच नको, सरळ मोठ्या दवाखान्यात इमर्जन्सीत जाऊन बसू. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती माझ्याबरोबर आली. तिने "मी सांगत होते" असं एकदाही म्हटलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. बाहेर त्या दिवशी ऊन होतं. अख्खं शहर बर्फात आणि वर ऊन, डोळे उघडवेनात इतका पांढरा उजेड. त्या उजेडात डोकं अजिबात दुखत नव्हतं. का, ते नंतर कळलं.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या, माझ्याइतक्याच दमलेल्या. दाब मोजला, थेंब घातले, परत मोजला, भिंग लावून डोळ्याच्या कोपऱ्यात बराच वेळ बघितलं. मग एका कागदावर डोळा काढून त्यांनी मला समजावलं. डोळ्यात पाणी तयार होतं आणि एका कोपऱ्यातून निचरून जातं. माझा तो कोपरा जन्मतःच अरुंद आहे. अंधारात बाहुली मोठी होते, तिच्याभोवतीचा रंगीत पडदा चुरगळून कोपऱ्यात बसतो, पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि डोळ्याची समोरची काच सुजते. सुजलेल्या काचेतून दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. उजेडात किंवा झोपेत बाहुली लहान झाली की रस्ता मोकळा होतो. त्यांनी आजाराचं जर्मन नाव सांगितलं, ग्र्यूनर श्टार. मी म्हटलं, आमच्याकडे काचबिंदू म्हणतात. आणि विवर्तनच होतं ते, मी पाटीवर काढलं होतं तसंच. फक्त धुक्यात नव्हतं, डोळ्यात होतं.

घरात कुणाला आहे का, त्यांनी विचारलं. वडिलांना होता, म्हटलं. त्यांनाही कडी दिसायची का? हो. मग त्यांनी काय केलं?

"त्यांनी मला विचारलं," मी म्हणालो.

बाईंनी मान वर करून पाहिलं आणि त्या पुन्हा लिहायला लागल्या.

डाव्या डोळ्याची नाकाकडची थोडी नजर गेली आहे, ती परत येणार नाही. बाकीची वाचली. त्याच आठवड्यात एका डोळ्याला आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला लेझरनं त्या रंगीत पडद्यात टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडलं, पाण्याला दुसरा रस्ता म्हणून. काम पाच मिनिटांचं. अजून दोन-तीन महिने गेले असते तर काय, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की आल्झो, म्हणजे असं बघा, ते आता नको बोलूया. मुलीचेही डोळे दाखवून आणायला सांगितलं. घरी येऊन मी मुलीला सॉरी म्हटलं, की त्या दिवशी तुलाच बरोबर दिसत होतं. तिने मराठीत "असू दे" म्हटलं. हा शब्द ती कुठून शिकली माहीत नाही.

फेब्रुवारीत परत बर्फ पडला. पाटी शेजाऱ्यांच्या दारावर होती, पण शेजारीणबाई पडल्या होत्या म्हणून मीच खाली गेलो. दिवस मावळत होता, निळा रंग आला होता. मग खांबावरचा दिवा लागला आणि बर्फाला हळद चढली. दिव्याभोवती काही नव्हतं. नुसता दिवा, त्याच्या काचेवर थोडा बर्फ. मी अंगठा वर करून पाहिला, काही फरक पडला नाही. बरं वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं उदासही वाटलं, कारण त्या कड्यांइतकं सुंदर मला इथे दुसरं काही दिसलेलं नाही.

आईला फोन केला. खळं गेलं म्हणून सांगितलं. मग महिनाभर विचारायचं राहिलेलं विचारलं: बाबांना कळलं होतं का, खळं कशाचं होतं ते?

ती म्हणाली, कळलं होतं. नागपूरच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच केला होता, दिव्यांभोवती रंगाचे गोल दिसायचे का. दिसले तेव्हाच आला असता तर डोळे वाचले असते, असंही ते म्हणाले. आई शेजारी बसली होती. बाबांनी सांगितलं, नाही जी, काही दिसत नव्हतं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिने विचारलं की खोटं का बोललात. तेव्हा ते म्हणाले, "पोराले सांगू नको. पुस्तक उघडायले भेईन तो." आणि तिच्याकडून वचन घेतलं. पंचवीस वर्षं तिने ते पाळलं, जानेवारीतल्या त्या संध्याकाळपर्यंत.

मी म्हटलं, पण मग ते मला इतकी वर्षं गमतीनं कसे विचारायचे, तिकडे दिव्यांना खळं पडतं का म्हणून?

"गमतीनं?" आई म्हणाली. "बापाचा रोग पोराले येते, असं डॉक्टरनं सांगतलं होतं त्याईले. म्हनून तं दर हिवाळ्यात विचारत होते तुले. तू नाही म्हनला का मंग झोपत."

आईनं फोन ठेवला तरी मी तो कानाशीच धरून होतो. बर्फ पडला का आणि कोणत्या रंगाचा दिसतो, हे दोन प्रश्न उगाच होते. तिसऱ्यापर्यंत यायला होते. मी अकरा हिवाळे त्यांना बर्फाची वर्णनं ऐकवत होतो, आंधळ्याची हौस पुरवत होतो, आणि ते अंथरुणावर बसून माझे डोळे तपासत होते.

गल्लीत कुणी नव्हतं. दिव्याकडे बघत मी मोठ्यानं म्हणालो, "नाही बाबा. इथे दिव्यांना खळं पडत नाही."

मग खोरं उचललं आणि फाटकापर्यंतचा बर्फ काढला.